वाट साडेआठला उघडते

प्रिय बेटा,

तुझ्या भयपटाची संहिता वाचली. एकदा सरळ, मग पेन्सिल घेऊन. समुद्रकाठचा ओसाड बंगला, पुण्याहून आलेले चार मित्र, बंद पडलेली गाडी, गेलेली रेंज आणि हातात कंदील घेऊन ‘रात्री खाली जाऊ नका’ म्हणणारा म्हातारा. एवढं वाचून मी चहा टाकायला उठलो होतो, खोटं कशाला सांगू. मग तेविसावं पान आलं. ती मुलगी सकाळी पायरीवर चपला काढून ठेवते, दुपारी येऊन बघते तर पायरीवर पाणी आणि चपला गायब. तू तिथे संगीतही लिहिलेलं नाहीस. त्या चार ओळींसाठी हे पत्र लिहितोय.

एकाकी जागेवरच्या भयपटात प्रेक्षक पहिल्या पंधरा मिनिटांत एकच गोष्ट विचारतो: हे लोक इथून निघून का जात नाहीत? याचं उत्तर लंगडं असलं की पुढे कितीही भुतं आण, माणूस पॉपकॉर्न खात बसतो. गाडी बंद पडली हे लंगडं उत्तर आहे, कारण ती लेखिकेनं बंद पाडलीय हे सगळ्यांना कळतं. ‘वाट पाण्याखाली गेलीय, रात्री साडेआठपर्यंत उघडणार नाही’ हे उत्तर कुणालाच खोडता येत नाही. वर त्याला पैसे पडत नाहीत. समुद्र ते काम दिवसातून दोनदा करतोच.

तू जिंतूरकडची, मी बीडचा. भरती-ओहोटी आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकलो, परीक्षेत लिहिली आणि विसरलो. पण आपल्याकडे घरोघरी पंचांग असतं, आणि कोकणातले जुने लोक त्याच पंचांगावरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन. दुपारी तीनला एक भरती आणि पहाटे साडेतीनच्या आसपास दुसरी. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी हे सगळं सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढणंही कमी आणि उतरणंही कमी.

आता तुझा बंगला मुख्य किनाऱ्यावरून उचल आणि खडकाळ बेटावर ठेव, जिथे पूर्ण ओहोटीतच चालत जाता येतं. हे काही कल्पनेतलं नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला तसाच आहे, ओहोटीला लोक चालत जातात आणि वेळ चुकली की होडी शोधतात. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्गही ओहोटीतच करायचा असतो. तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत.

तिथी घे कृष्ण तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती, सकाळी आठ-सव्वाआठला ओहोटी आणि रात्रीची ओहोटी साडेआठच्या सुमारास. तुझी माणसं सकाळी हसत-खिदळत, फोटो काढत वाट ओलांडतात. दुपारी चपला जातात. हिवाळ्यात सहा वाजून गेले की सूर्य पाण्यात बुडतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो. साडेआठला वाट परत उघडणार हे त्यांना ठाऊक आहे, प्रेक्षकालाही ठाऊक आहे. सगळे घड्याळाकडे बघताहेत. सुटकेची वेळ ठरलेली आहे.

आणि इथे माझा तुझ्याशी खरा वाद आहे. तुझ्या संहितेत संकट बंगल्यातच आधीपासून बसलेलं आहे. मी म्हणतो, बंगला रिकामा ठेव, अगदी रिकामा. साडेआठला वाट उघडते ती दोन्ही बाजूंनी उघडते. हे निघायला उभे आहेत आणि समोरून कुणीतरी चालत येतंय.

आता चंद्राचं बघ. भरती-ओहोटी चंद्रामुळे, म्हणून कोकण किनाऱ्यावर ओहोटीच्या सुमारास चंद्र एक तर उगवत असतो नाहीतर मावळत असतो. कृष्ण तृतीयेला तो रात्री आठच्या आसपास उगवतो, आणि आपला समुद्र पश्चिमेला असल्यामुळे उगवतो जमिनीकडून. म्हणजे किनाऱ्याकडून जो चालत येतोय त्याच्या पाठीशी उजेड आणि तोंडावर अंधार. चेहरा दिसत नाही. मेकअपचा खर्च वाचला आणि खोटेपणाही नाही. चांदणं कॅमेऱ्याला पुरत नाही, तुला एक दिवा लागेलच. पण तो कुठे ठेवायचा याचं उत्तर पंचांगानं दिलेलं आहे. तुझ्या छायालेखकाला हे सांग, तो उड्या मारेल.

ढोबळ हिशेबावर शूटिंगला मात्र जायचं नाही. सर्व्हे ऑफ इंडिया भरती-ओहोटीची कोष्टकं छापतं, ती बघ. आणि त्याहून आधी त्या गावच्या कोळ्यांना विचार. वारा असेल तर पाणी कोष्टकाचं ऐकत नाही. वाटेवर कॅमेरा लावशील तेव्हा एक स्थानिक माणूस रोजावर ठेव. त्याचं काम एकच, पाण्याकडे बघत उभं राहायचं. तो ‘चला’ म्हणाला की शॉट अर्धा सोडून निघायचं. दिग्दर्शिकेनंसुद्धा.

तुला वाटतंय की समुद्र माहीत नसणं ही तुझी कमजोरी. म्हणून तू पुण्याची पात्रं घेतलीस, कारण ती ‘कुठूनही’ आलेली चालतात. माझं ऐक, ती चौघं परभणीची कर. पाणी म्हणजे विहीर, बोअर, टँकर, फार तर येलदरीचं धरण, एवढंच ज्यांना माहीत आहे अशी. चढतं पाणी बघून पहिल्यांदा त्यांना आनंदच होईल! दुष्काळी भागातल्या पोरांना वाढत्या पाण्याची भीती वाटायला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजे तुझा पहिला अंक. त्यातल्या एकीच्या आजीनं विहिरीवर आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवतांना, नारळ-बांगड्या वाहिलेल्या असणार. ‘पाण्याच्या कडेला ओलेत्यानं उभं राहू नको’ हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं असणार. कोकणात देवचार आहे, राखणदार आहे, बुडून मेलेल्याचा गिऱ्हा आहे. ते तू वाचून लिहिलंयस आणि वाचून लिहिल्यासारखंच दिसतंय. आसरा तू घरात ऐकलेल्या आहेत. परक्या समुद्राकडे बघताना ती मुलगी आपल्या विहिरीचीच भीती घेऊन जाणार, दुसरी कुठून आणणार?

अंधाराचंही तेच. शेतीची लाइट पाळीनं रात्री येते तेव्हा तुझे वडील बॅटरी घेऊन भिजवायला जातात. बॅटरीच्या उजेडाच्या कडेला जे असतं ते तुला मुंबईच्या कुठल्याही छायालेखकापेक्षा जास्त माहीत आहे. शेवटच्या अंकात घरभर निळा उजेड लिहिलायस तो खोड. एक बॅटरी दे, तीही सेल उतरत आलेली.

तो कंदीलवाला म्हाताराही काढ. कोकणी माणूस म्हणजे भुताच्या गोष्टी सांगणारा म्हातारा, हा आपल्या घाटावरच्या लोकांचा आळस आहे. मराठवाड्यातला माणूस पडद्यावर आला की तो कर्जबाजारी नाहीतर विनोदी असतो, याचा तुला राग येतो ना? मग तसंच. त्याच्या जागी होडीवाली बाई घाल, जिला यांना पोचवायचे पैसे हवेत आणि संध्याकाळी घरी जायची घाई आहे. तिचे संवाद तू लिहू नकोस. तिथल्याच कुणाकडून बोलून घे. तुझ्या पोरांनी मात्र ‘कामून’ आणि ‘लई’ बिनधास्त म्हणावं.

आवाजाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण माझं आयुष्य हेडफोन कानाला लावून गेलं. समुद्रकाठी संवाद रेकॉर्ड होत नाहीत, झाले तरी वापरता येत नाहीत. लाटेचा आवाज प्रत्येक शॉटमध्ये वेगळा येतो आणि संकलनात दर कटला उडी मारतो. म्हणून बाहेरच्या दृश्यांत संवाद जवळजवळ ठेवूच नकोस. जे ठेवशील ते नंतर डब करायचे असं आधीच ठरव आणि पैसे बाजूला काढ. लाटा वेगळ्या रेकॉर्ड कर, आणि त्या रात्री उशिरा. खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि थेट माइकवर आदळतो. रात्री जमीन आधी थंड होते, वारा उलटतो, बहुधा मंदावतो. तेव्हा लाट सुटी ऐकू येते: फुटणं, पसरणं, वाळूतून परत जाणं. भरतीचा आवाज वेगळा, ओहोटीचा वेगळा, खडकाच्या खोबणीत पाणी शिरतं तो आणखी वेगळा. हे सगळं गोळा कर. चित्रपटभर लाटांचा आवाज हळूहळू जवळ आणायचा, प्रेक्षकाला कळणारही नाही इतका हळू. आणि साडेआठला तो एकदम लांब जाऊ दे. पाणी मागे हटलंय, आता ओल्या खडकावरची पावलं ऐकू येतात. आधी आली असती तरी लाटांनी झाकली असती.

ऑर्गन, किंकाळी, दरवाजाची करकर हे सगळं तुझ्या संगीतकाराला परत देऊन टाक. तशी एका ऑर्गनवर उभी राहिलेली एक जुनी अमेरिकन फिल्म मात्र बघ: 1962 ची ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’. दिग्दर्शक हर्क हार्वी अमेरिकेच्या मध्यावरच्या कॅन्सस राज्यातला. समुद्र तिथून आपल्यापेक्षाही लांब. नोकरी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट करणाऱ्या कंपनीत. एकदा प्रवासात त्याला युटामधल्या खाऱ्या सरोवराच्या काठी सॉल्टेअर नावाचा ओसाड पडलेला करमणुकीचा मंडप दिसला. आधी जागा, मग तिच्यासाठी गोष्ट. साधारण 33 हजार डॉलर आणि तीनेक आठवडे, बस. मुख्य भूत तो स्वतःच झाला, तोंडाला पांढरा रंग फासून. नट परवडत नसेल तर हा मार्ग तुलाही मोकळा आहे, फक्त उंची जरा कमी पडेल. त्याच्याकडून उचलायचं ते एवढंच की जागा बघितल्याशिवाय गोष्ट पक्की करू नये. तू उलटं केलंस. कोकण न बघता नव्वद पानं लिहिलीस.

पैशाचं थोडक्यात. तुझ्या आठ लाखांत सगळं कोकणात होणार नाही. बंगल्याच्या आतली दृश्यं इकडे काढ, पण घर निवडताना छत बघ. आपल्या वाड्याचं माळवद कोकणातल्या कौलांखाली खपत नाही, भिंतीही वेगळ्या; तिकडे जांभा, आपल्याकडे काळा दगड आणि पांढरी माती. छत फ्रेममध्ये येऊच द्यायचं नाही किंवा साध्या गिलाव्याची, अलीकडची खोली शोधायची. गुडघाभर काळ्या पाण्याचे जवळचे शॉट पैठणला नाथसागरावर काढायचा मोह होईल. तिथे पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते. आणि गोड्या पाण्याला तसा फेस येत नाही. नको.

जून-जुलै विसर. पावसातला समुद्र फोटोत छान दिसतो, पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि वाटेवर उभं राहणं म्हणजे जीव देणं. हिवाळाच बरा. फक्त वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी त्या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, किनाऱ्यावर रात्री दिवे लावणं तिथे चालत नाही. दुसरा किनारा शोध. किल्ला असेल तर पुरातत्त्व खातं, जेट्टी असेल तर मेरीटाइम बोर्ड. अर्ज लवकर टाक. आणि सिनेमात गावाचं नाव खोटं ठेव. कुणाच्या खऱ्या घराला भुताचं घर करून ठेवलं की त्या घरातल्या माणसांना ते वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं.

खाऱ्या हवेत भाड्याचं लेन्स उघड्यावर बदलायचं नाही, एसी खोलीतून बाहेर काढल्या काढल्या शूटिंग करायचं नाही (काचेवर वाफ धरते), रोज रात्री सगळं ओलसर फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसायचं. ज्या पोराला हे काम देशील त्याला दुसरं काम देऊ नकोस. युनिटमध्ये तुम्ही चार मुली आहात. बेटावर संडासाची सोय काय, हे लोकेशन बघतानाच विचार. वाट बंद झाली की पुढच्या ओहोटीपर्यंत तुम्हीही अडकलेल्या असाल.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर तिथी, घड्याळातली वेळ आणि वाट उघडी की बंद, एवढं लिही. जिथे लिहिता येणार नाही तो प्रसंग बहुतेक नकोच असेल. भूत कोण होतं हे समजावणारी शेवटची सहा पानं मी इकडेच ठेवून घेतलीत, परत मागू नकोस.

पौर्णिमेनंतरच्या तीन-चार रात्री धरून तारखा कळव. रेकॉर्डर माझ्याकडे आहे आणि डिसेंबरात मी रिकामा आहे. जेवणाच्या बजेटमध्ये एक ताट वाढव, बिनमाशांचं.

तुझा,
काका