अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया सेल्फ-केअरबद्दल एवढं का बोलतात? हे चोचले नाहीत का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या तुमच्या टीममधली एक कृष्णवर्णीय सहकारी दर बुधवारी संध्याकाळी फोन बंद ठेवते, थेरपिस्टकडे जाते आणि हे सगळ्यांना मोकळेपणाने सांगते. तिच्या मैत्रिणींचंही तेच. तेव्हा हे सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत, की या बायकांना खरंच काही वेगळं सोसावं लागतं, असा तुमचा प्रश्न.

चोचले नाहीत. मी अटलांटात नर्स आहे आणि आमच्या वॉर्डात बहुतेक सहकारी कृष्णवर्णीय बायकाच आहेत, त्यामुळे हे थोडं जवळून बघितलंय. पण मगांवर आणि टी-शर्टांवर छापलेलं सेल्फ-केअर बघून कुणाचाही गैरसमज होईल, हे मान्य.

मगावरचं ते वाक्य बहुतेक वेळा ऑड्री लॉर्ड या कवयित्रीचं असतं. १९८८ साली छापून आलेल्या तिच्या लेखनात ते आहे. स्तनाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता आणि तशातही तिचं शिकवणं, फिरणं, भाषणं चालू होती. स्वतःची काळजी घेणं हे लाड नव्हेत, तग धरणं आहे, आणि म्हणून ती राजकीय लढाई आहे, असं ती लिहिते. मेणबत्त्या आणि फेसमास्क विकणाऱ्यांनी वाक्य घेतलं, यकृत वगळलं.

त्याच्याही आधी, १९८३च्या जूनमध्ये, इथेच अटलांटात स्पेलमन कॉलेजमध्ये कृष्णवर्णीय बायकांच्या आरोग्यावर एक परिषद भरली होती. बिली एव्हरी या बाईंनी ती भरवली. त्यांचा नवरा वयाच्या ३३व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला होता. तेव्हापासून त्या आरोग्याच्या कामात पडल्या. परिषदेला दोनेक हजार बायका आल्या. विषयपत्रिकेवर रक्तदाब, मधुमेह, बाळंतपण वगैरे होतंच, पण गर्दी झाली ती लिली ॲलन यांच्या कार्यशाळेला. कृष्णवर्णीय आणि बाई म्हणून जगताना खरं काय होतं, एवढंच तिथे बोलायचं होतं. मारहाण, लहानपणचे अत्याचार, कुणालाही न सांगितलेलं दुःख, सगळं बाहेर आलं. पुढे गावोगाव असे गट सुरू झाले. बायका गोल करून बसायच्या, एक बोलायची, बाकीच्या ऐकायच्या, मध्येच सल्ला द्यायचा नाही. या चळवळीत सेल्फ-केअर एकटीने करायची गोष्ट कधी नव्हतीच, आणि माझ्या मते तिचं वेगळेपण तिथेच आहे.

आता सोसण्याचं. गुलामगिरीपासून या बायकांकडे दुसऱ्यांची ओझी वाहणाऱ्या म्हणूनच बघितलं गेलं. शेतात राबायचं, गोऱ्यांची मुलं सांभाळायची, नंतर स्वतःचं घर, नवरा, चर्च, मोहल्ला. ‘स्ट्राँग ब्लॅक वूमन’ ही पदवी इथे कौतुकाने दिली जाते. आपल्याकडे विधवा काकूला ‘किती खंबीर गं तू’ म्हणून पुन्हा तिच्याच गळ्यात सगळं घालतात ना, अगदी तसंच. शेरिल वूड्स-जिस्कोम्बे या संशोधिकेने २०१०मध्ये यावर नीट लिहिलं. सतत कणखर दिसायचं, भावना गिळायच्या, कुणाची मदत मागायची नाही, हाताशी काही नसताना यशस्वी व्हायचं, आणि आधी दुसऱ्यांचं बघायचं. बायकांशी बोलून तिने हे पैलू मांडले. यातून बळ मिळतं हेही त्या बायकांनी सांगितलं, आणि किंमत काय पडते तेही: झोप उडते, खाण्याचं तंत्र बिघडतं, दुखणं अंगावर काढलं जातं.

शरीराचं काय होतं, हे आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२मध्ये मांडलं. गोऱ्या बायकांत विशीतल्या आयांची बाळं किशोरवयीन आयांच्या बाळांपेक्षा सुदृढ असायची. कृष्णवर्णीय बायकांत चित्र उलटं होतं. वय वाढेल तसा धोका वाढत होता, म्हणजे विशीतच शरीर झिजायला लागलं होतं. या झिजेला त्यांनी ‘वेदरिंग’ म्हटलं. रोजचा अपमान, पैशाची ओढाताण, पोरगा रात्री सुखरूप घरी येईल ना ही धास्ती. ताणाचे हार्मोन सतत चढलेले राहिले की हृदय आणि रक्तवाहिन्या वेळेआधी थकतात. शिक्षण आणि पगार वाढला म्हणून हे थांबत नाही.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सचंच बघा. २०१७मध्ये सिझेरियननंतर तिला धाप लागली. आधीही फुप्फुसात गुठळ्या झालेल्या असल्यामुळे तिला नेमकं कळलं होतं. सीटी स्कॅन करा, असं तिने सांगितलं, तर औषधांमुळे ही बरळतेय असं नर्सला वाटलं. हट्ट धरल्यावर स्कॅन झाला आणि गुठळ्या सापडल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत महिला खेळाडूंपैकी एकीची ही गत. २०२३ची सरकारी आकडेवारी अशी: दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय आयांचे मृत्यू ५०.३, गोऱ्या आयांचे १४.५. नर्स म्हणून हे आकडे मला नुसते आकडे वाटत नाहीत. ‘मला काहीतरी होतंय’ म्हटल्यावर समोरचा मान हलवतो आणि फाइलमध्ये काहीच लिहीत नाही, हे ज्यांनी आयुष्यभर पाहिलंय, त्यांना आपलं बोलणं ऐकणारं माणूस शोधावंच लागतं.

तसं माणूस पुष्कळदा केस विणणारी असते! माझ्या एका सहकारीबरोबर मी एकदा शनिवारी सलूनमध्ये जाऊन बसले. बारीक वेण्या घालायला पाच-सहा तास सहज जातात. विणणारी सेनेगलची, बोटं थांबत नव्हती. पहिला तास हवापाण्याच्या गप्पा. मग शेजारच्या खुर्चीतली बाई आरशात बघत, मान न वळवता, धाकट्या भावाच्या तुरुंगवासाबद्दल बोलायला लागली. कुणी चकार शब्द काढला नाही. विणणारीने फक्त तिच्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. अफिया म्बिलिशाका या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच हेरलं आणि केशरचना करणाऱ्यांनाच ऐकून घेण्याचं, गरज पडली तर पुढे कुणाकडे पाठवायचं याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. ‘सायकोहेअरपी’ असं नाव दिलंय. मला तरी ही कल्पना कुठल्याही ॲपपेक्षा शहाणपणाची वाटते.

चालण्याचंही तसंच आहे. गर्लट्रेक नावाची चळवळ आहे, टी. मॉर्गन डिक्सन आणि व्हनेसा गॅरिसन या दोघींनी सुरू केलेली. रोज अर्धा तास, आपल्याच मोहल्ल्यात, शक्यतो सोबतीने चालायचं. आदर्श कोण, तर हॅरिएट टबमन, जी गुलामगिरीतून पायी निसटली आणि इतरांना सोडवायला परत परत गेली. विश्रांतीचंही आहे: अटलांटातच ट्रिशिया हर्सी यांनी २०१६मध्ये ‘नॅप मिनिस्ट्री’ काढली. चटया-उश्या टाकून लोकांनी एकत्र झोपायचं. ऐकून हसू येतं, पण ज्यांच्या पूर्वजांची झोपसुद्धा मालकाच्या हातात होती त्यांनी भर दुपारी निवांत पडायचं, यात चांगलाच ठसका आहे.

थेरपीचं मात्र अवघड. जुन्या पिढीत ‘देवाजवळ बोल, घरातलं बाहेर नको’ हेच होतं. डॉक्टरांवरचा अविश्वासही उगाच नाही. अलाबामात टस्कीगीच्या प्रयोगात कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस १९३२ ते १९७२ मुद्दाम उपचारांविना ठेवला गेला. त्यात आपल्यासारखीच कृष्णवर्णीय थेरपिस्ट मिळणं कठीण, मिळाली तर विमा चालेलच असं नाही. म्हणून जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी २०१४मध्ये ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ सुरू केलं, तिथे थेरपिस्टांची यादीच मिळते. लव्हलँड फाउंडेशन थेरपीच्या खर्चाला मदत करतं. तुमची सहकारी बुधवार मोकळा ठेवू शकते, यामागे बऱ्याच जणींची खटपट आहे.

याच बायकांपैकी काहीजणी सेल्फ-केअरवर चिडतातही. आमच्या वॉर्डातली एक म्हणते, ‘माणसं कमी ठेवायची आणि वर मला श्वास मोजायला सांगायचं.’ तिचं बरोबर आहे. ध्यान करून शिफ्ट छोटी होत नाही.

आणि आपण देसी माणसं या बाबतीत काही धुतल्या तांदळासारखी नाही. कृष्णवर्णीयांच्या मोहल्ल्याबद्दल ‘त्या वस्तीत घर घेऊ नको’ हे इथल्या मराठी घरांत मी सर्रास ऐकते. तेव्हा सहकारीशी बोलताना जरा बेतानं. ती थकलेली दिसली तर तिच्यावरचं एखादं काम स्वतःकडे घ्या. ‘तू तर किती स्ट्राँग आहेस’ म्हणू नका. आणि आपण योगाच्या देशातले म्हणून तिला प्राणायाम शिकवायला तर मुळीच जाऊ नका. त्यांच्याकडेही योग जुनाच आहे. बसमधली जागा गोऱ्या माणसाला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचा योगासनं करतानाचा १९७३चा फोटो आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या एरिका हगिन्स तुरुंगात असताना स्वतःच योग आणि ध्यान शिकल्या, आणि नंतर ओकलंडच्या शाळेत त्यांनी मुलांनाही ध्यानाला बसवलं.