सहावा गोलंदाज कुठून आणायचा?

प्रश्न : 19 ऑक्टोबर 2023 रोजी बांगलादेशविरुद्धच्या विश्वचषक सामन्यासाठी मी गहुंजेच्या मैदानावर होतो. हार्दिक पंड्या जायबंदी होऊन बाहेर गेला, तरी त्यानंतर भारताने पाच गोलंदाजांच्या बळावर अंतिम फेरीपर्यंत एकही सामना गमावला नाही. असे असताना एकदिवसीय संघात अष्टपैलू खेळाडूसाठी एवढा अट्टाहास कशासाठी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुम्ही पाहिलेला तो क्षण पुन्हा आठवून पाहा. डावाचे नववे षटक चालू होते, लिटन दासचा सरळ मारलेला फटका अडवण्यासाठी पंड्याने पाय आडवा घातला आणि त्याचा घोटा मुरगळला. त्याने तीनच चेंडू टाकले होते. उरलेले तीन टाकण्यासाठी विराट कोहली पुढे आला आणि प्रेक्षकांनी जल्लोष केला. त्या जल्लोषात एक गोष्ट झाकली गेली. षटक पूर्ण करायला कोहली मिळाला, पण पंड्याची पुढची षटके टाकायला संघात कोणीच नव्हते आणि पुढचा महिनाभर त्याच्या जोडीचा माणूस सापडला नाही.

पुढच्या सामन्यापासून संघ व्यवस्थापनाने एका माणसाच्या जागी दोन माणसे घेतली. शार्दूल ठाकूरला वगळून मोहम्मद शमीला आणले आणि पंड्याच्या जागी सूर्यकुमार यादवला खेळवले. शमीने स्पर्धेत 24 बळी घेतले, श्रीलंकेचा संघ वानखेडेवर 55 धावांत आटोपला, दक्षिण आफ्रिकेचा 83 धावांत. गोलंदाज असे बहरात असताना सहाव्याची आठवण कोणाला होणार? व्यवस्थापनाला मात्र ती होत असावी, कारण नेदरलँड्सविरुद्धच्या साखळीतील शेवटच्या सामन्यात रोहित शर्माने स्वतःसह नऊ जणांना चेंडू दिला. लोकांनी ती दिवाळीची गंमत मानली. मला ती गरजेपोटी घेतलेली चाचपणी वाटली. वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडच्या डॅरिल मिचेल आणि केन विल्यमसन यांनी 181 धावांची भागी रचली, तेव्हाही कर्णधाराकडे त्याच पाच जणांना आलटून पालटून आणण्यापलीकडे उपाय नव्हता. त्या दिवशी शमीने सात बळी घेऊन ती उणीव झाकली.

अहमदाबादला ती झाकली गेली नाही. ऑस्ट्रेलियाने त्या अंतिम सामन्यात सात गोलंदाज वापरले. त्यांपैकी मॅक्सवेल, मार्श आणि हेड या तीन फलंदाजांनी मिळून दहा षटकांत 44 धावा दिल्या आणि रोहित शर्माचा मोलाचा बळीही मॅक्सवेलनेच मिळवला. म्हणजे पाचव्या गोलंदाजाचा वाटा त्यांनी तिघांत वाटून स्वस्तात उरकला. भारताची फलंदाजी मात्र सहाव्या क्रमांकावरच्या रवींद्र जडेजानंतर सूर्यकुमारपाशी संपत होती. पहिल्या दहा षटकांनंतर उरलेल्या चाळीस षटकांत चेंडू फक्त चार वेळा सीमेपार गेला आणि के. एल. राहुलने 66 धावांसाठी 107 चेंडू घेतले. राहुलवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. मला ती अर्धीच पटते. आपल्यामागे फलंदाजी उरलेली नाही हे ठाऊक असलेला फलंदाज याहून फार वेगळे खेळू शकत नाही. पुढे हेड आणि लाबुशेन जमले, तेव्हा चेंडू देऊन पाहावा असा सहावा माणूस भारताकडे नव्हता.

म्हणून अष्टपैलूचे मोल त्याच्या नावावरच्या धावा आणि बळी यांची बेरीज करून काढता येत नाही. तो संघात असल्यामुळे वरच्या फलंदाजाला किती मोकळेपणाने खेळता येते आणि एखादा गोलंदाज मार खात असताना कर्णधाराला त्याला किती लवकर बाजूला करता येते, हे पाहावे लागते, आणि धावफलकात यासाठी रकाना नसतो. 9 मार्च 2025 रोजी दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या संघात अक्षर पटेल पाचव्या, पंड्या सातव्या आणि जडेजा आठव्या क्रमांकावर होता, आणि तरीही गोलंदाजीला सहा जण उपलब्ध होते. विजयी चौकार आठव्या क्रमांकावरच्या जडेजाने मारला.

अर्थात थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी येणारा प्रत्येक जण अष्टपैलू नव्हे. किमान एका कौशल्यावर तो संघात बसलाच पाहिजे, हा जुना निकष मी आजही मानतो.

प्रश्न : सचिन, सेहवाग, युवराज, रैना हे सगळे गरजेला गोलंदाजी करत. आजचे फलंदाज चेंडू हातात का घेत नाहीत? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आजच्या फलंदाजांना आळशी ठरवण्यापूर्वी नियम पाहावेत. 2011 च्या ऑक्टोबरपासून एकदिवसीय डावात दोन्ही टोकांकडून स्वतंत्र नवा चेंडू आला. त्यामुळे पन्नासाव्या षटकातही चेंडू पंचवीसच षटके जुना असे, आणि मऊ झालेल्या, पकड घेणाऱ्या चेंडूवर जगणाऱ्या कामचलाऊ फिरकीपटूचा आधारच गेला. 2012 च्या अखेरीस वर्तुळाबाहेर पाचऐवजी चारच क्षेत्ररक्षक ठेवण्याचे बंधन आले. सीमेवरचा एक माणूस कमी झाला, की पहिला मार अशाच गोलंदाजाला बसतो. युवराजने 362 धावा आणि 15 बळी मिळवले तो 2011 चा विश्वचषक या दोन्ही बदलांच्या आधीचा आहे. आता 2025 च्या जुलैपासून पस्तिसाव्या षटकापासून एकच चेंडू वापरला जातो, त्यामुळे थोडी आशा वाटते.

तरी सगळा दोष नियमांवर टाकता येणार नाही. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा डाव स्थिरावत असताना हरमनप्रीत कौरने शफाली वर्माला चेंडू दिला. शफाली मुळात सलामीची फलंदाज, तीही प्रतिका रावलच्या दुखापतीमुळे ऐनवेळी संघात आलेली. तिने सुने लूस आणि मारिझान काप यांना बाद केले. याच स्पर्धेत सहावा गोलंदाज हवा म्हणून इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळावे लागले होते. ती परतली आणि उपांत्य सामन्यात तिने नाबाद 127 धावा केल्या. दीप्ती शर्माने अंतिम सामन्यात 58 धावा आणि पाच बळी अशी दुहेरी कामगिरी केली, हे खरेच. पण शफालीला चेंडू देण्याचे धाडस कर्णधाराने केले नसते, तर दीप्तीचे काम कितीतरी अवघड झाले असते.

प्रश्न : आयपीएलमधील ‘इम्पॅक्ट प्लेअर’मुळे अष्टपैलूंचे नुकसान होते का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : होते. 2023 पासून लागू असलेल्या या नियमाने फलंदाजी झाल्यावर फलंदाजाच्या जागी गोलंदाज आणता येतो, त्यामुळे शिवम दुबेसारख्याला चेंडू देण्याची गरजच संघाला उरत नाही. रोहित शर्माने 2024 मध्ये दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांचीच नावे घेऊन जाहीर नाराजी व्यक्त केली होती. राष्ट्रीय संघात ही सोय नाही. तिथे अकरा जणांतच भागवावे लागते, आणि आयपीएलमध्ये दोन महिने चेंडू न टाकलेल्या खेळाडूकडून लगेच सहा षटकांची अपेक्षा ठेवली जाते.