आमच्या गावातल्या दहा-बारा अपंगांचं मासिक अनुदान बंद झालंय. इंग्लंडमधले अपंग लोक रस्त्यावर उतरून कपात थांबवतात म्हणे. गोव्यात तसं करून उपयोग होतो का?

होतो. पण फलक रंगवण्याआधी एक दोनशे पानी वही विकत घ्या.

मी डिचोली तालुक्यातला. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा), फिरायला मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. (मी ‘अपंग’ हाच शब्द वापरतो. कुणी दिव्यांग म्हटलं तर भांडत नाही. फक्त केंद्राच्या पेन्शनीतले महिन्याचे ३०० रुपये नाव बदलण्याआधीही ३००च होते, आणि तेही ८० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाला.) २०१२ साली खाणी बंद पडल्या नि भावाचा ट्रक अंगणात उभा राहिला, तेव्हा आमच्या घरात कामाला न जाता येणारा एकच पैसा होता, तो माझ्या अनुदानाचा. वाण्याचं बिल त्यातून भागायचं. त्यामुळे अशा पैशाला कुणी ‘मदत’ म्हटलं की मला जरा हसू येतं.

आधी हे लक्षात घ्या की आपल्याकडे कपात ‘कपात’ म्हणून येत नाही. गोव्यात हे अनुदान ज्यातून येतं ती दयानंद सामाजिक सुरक्षा योजना २००१ पासूनची, तीही पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाची. तिचे पैसे कमी केले असं उघड जाहीर करायची छाती गोव्यात कुठल्याच पक्षाची नाही. पैसे थांबतात ते कागदावर. हयातीचा दाखला पोचला नाही, उत्पन्नाचा दाखला जुना झाला, आधारला अंगठा जुळला नाही, प्रमाणपत्र नव्याने काढा. कुष्ठरोगाने बोटं झिजलेल्या माणसाला खिडकीतून सांगतात, अंगठा नीट दाबा. प्रत्येकाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो गुपचूप घरी येतो.

इंग्लंडमध्येही सुरुवात अशीच झाली. तिथे कपातीचं नाव होतं ‘तपासणी’. माणूस काम करायला सक्षम आहे का हे ठरवायचं कंत्राट ॲटॉस नावाच्या खाजगी कंपनीकडे होतं, आणि नीट उभंही राहता न येणाऱ्यांना ती कामाला योग्य ठरवते अशी ओरड सुरू झाली. ३ ऑक्टोबर २०१० ला सत्ताधारी पक्षाचं अधिवेशन बर्मिंगहॅमला होतं, तिथे अपंगांनी स्वतः मोर्चा काढला आणि त्यातून ‘डिसेबल्ड पीपल अगेन्स्ट कट्स’ (कपातीविरुद्ध अपंग) ही संघटना उभी राहिली. व्हीलचेअरी एकमेकींना साखळीने बांधून त्यांनी मध्य लंडनचा रस्ता अडवला. २०१२ ला लंडनमध्येच पॅरालिम्पिक भरलं, तर त्याच्या प्रायोजकांत हीच ॲटॉस. मग काय, त्याच आठवड्यात यांनी कंपनीच्या दारात ठाण मांडलं. २०१४ मध्ये कंपनी मुदतीआधीच कंत्राटातून बाहेर पडणार हे ठरलं.

आता ‘थांबवतात’ या तुमच्या शब्दाबद्दल. ॲटॉस गेली, तिच्या जागी दुसरी कंपनी आली, तपासणी तशीच राहिली. जास्त अपंगत्व असलेल्यांना घरात मदतनीस ठेवता यावा म्हणून तिथे एक वेगळा निधी होता. तो बंद करायचा निर्णय २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने बेकायदा ठरवला. सरकारने पुन्हा तोच निर्णय नीट कागदपत्रं लावून घेतला आणि ३० जून २०१५ ला निधी बंद केलाच. त्याच्या आठवडाभर आधी हे लोक व्हीलचेअरवरून थेट संसदेच्या सभागृहाच्या दारापर्यंत गेले होते. अगदी अलीकडे, १ जुलै २०२५ ला, अपंगत्व भत्त्याच्या अटी कडक करणारं कलम सरकारला चर्चा चालू असतानाच मागे घ्यावं लागलं, कारण शंभरावर खासदार स्वपक्षाविरुद्ध गेले होते. त्याच विधेयकातली दुसरी कपात, नव्याने अर्ज करणाऱ्यांचा आजारपणाचा भत्ता जवळपास निम्मा करायची, मात्र पास झाली. पंधरा वर्षं रस्त्यावर राहून हा हिशेब.

त्यांच्याकडे असलेली एक वाट आपल्याला नाही. त्यांच्या तक्रारीवरून संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या समितीने चौकशी केली आणि २०१६ मध्ये हक्कांचं गंभीर उल्लंघन झाल्याचा अहवाल दिला. भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार २००७ मध्ये स्वीकारला खरा, पण तक्रार आणि चौकशीची सोय असलेल्या जोडकरारात आपण नाही. तेव्हा डिचोलीहून थेट जिनिव्हा नाही. आधी पणजीच.

आता आमची वही. काही वर्षांपूर्वी आमच्या दोन गावांत मिळून चौदाजणांचे पैसे थांबले. कुठल्या कार्यालयाचं ते सोडा, तिथे उत्तर ठरलेलं, “फायल वयर गेल्या, फाल्यां यो.” (फाईल वर गेलीय, उद्या ये.) वर म्हणजे कुठे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि फाल्यां आमच्यापैकी काहींना तीनशे रुपये रिक्षाला पडायचे. मग आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून लिहायला घेतलं: नाव, प्रमाणपत्रावरचे टक्के, शेवटचे पैसे कुठल्या महिन्यात जमा झाले, कारण काय सांगितलं, तोंडी की लेखी. पासबुकं समोर ठेवूनच, आठवणीवर नाही. सगळं एका पानावर आलं तेव्हा दिसलं की चौदातल्या नऊजणांचे पैसे एकाच महिन्यात थांबलेत. नऊ माणसं एकाच महिन्यात हयातीचा दाखला द्यायला विसरतात होय? तोपर्यंत स्वतःला दोष देणारी बाय, दोन्ही डोळ्यांनी अधू, तिथल्या तिथे म्हणाली, “म्हणजे मी बरोबर होते.” आमचं आंदोलन खरं तर तिथे सुरू झालं.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये, तीस दिवस. ‘माझे पैसे का थांबले’ असं विचारू नका, त्याचं उत्तर एका ओळीत मिळतं. त्या महिन्यात तालुक्यात किती जणांचे थांबले, कुठल्या कारणाने, आणि थांबवण्याआधी किती जणांना नोटीस गेली, हे आकड्यांत मागा.

नंतर ग्रामसभा. गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये रविवारी ती भरते. आमची सभा पंचायतीच्या पहिल्या मजल्यावर होती, एकोणीस पायऱ्या. दोघे पोरगे मला उचलायला आले. नको म्हटलं. आम्ही सगळे जिन्याच्या पायथ्याशी बसून राहिलो आणि निरोप धाडला की आम्हीही ग्रामसभेचे सदस्य आहोत, विषय मांडायचा आहे. अर्ध्या तासाने सरपंचबाब माईकची वायर ओढत खाली आले, मागून सगळी सभा. ठराव जिन्यातच झाला.

एका पत्रकाराने मला कॅलिपर काढून पायऱ्या रांगत चढायला सांगितलं, फोटो चांगला येईल म्हणून. मी नाही म्हटलं, तरी बातमी आली ती ‘लाचार अपंगांची व्यथा’ अशीच. चार दिवसांनी एका क्लबाने येऊन व्हीलचेअर दिली, हार घातला, फोटो काढला. मागितली होती पेन्शन. म्हणून सांगतो, पत्रकारांच्या हातात वहीतल्या पानाची प्रत द्या, पाय दाखवू नका.

तक्रार करायची तर अपंगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे, लेखी, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित खात्याला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. त्याच कायद्याचं कलम २४ पाठ करून ठेवा: तशाच योजनेत इतरांना जे मिळतं त्यापेक्षा अपंगाला निदान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे. ज्येष्ठाला २,००० मिळत असतील तर आपल्याला २,५०० च्या खाली नाही. कार्यालयात हे कलम नंबरासकट म्हटलं की खुर्ची मिळते, असा माझा अनुभव आहे. आमदारांनाही भेटा. चाळीस लहान मतदारसंघांचं राज्य, इथे काही शे मतांनी माणसं पडतात, आणि तुमच्या बाराजणांमागे बारा घरं आहेत हे त्यांना तुमच्याआधी कळतं.

आमच्या चौदातल्या अकराजणांना थकबाकीसह पैसे मिळाले, सात महिन्यांनी. दोघांचे उत्पन्नाच्या दाखल्यावर अडले ते अडलेच. एक काका मधल्या काळात गेले. त्यांच्या नावासमोरची ओळ वहीत अजून अर्धीच आहे.

तुमच्याकडची पुढची ग्रामसभा कुठल्या रविवारी आहे ते पंचायतीत विचारून घ्या, तोवर बाराही पासबुकं बँकेत छापून आणा. आणि सभा कितव्या मजल्यावर आहे तेही विचारा. वरच्या मजल्यावर असली तर उत्तमच.