पाणी वाढलं, पण कशामुळे?

जलयुक्त शिवारचं मूल्यमापन करतोयस ना? मग आधी पावसाचे आकडे काढ. योजना डिसेंबर २०१४ ची. २०१४, २०१५ दोन्ही वर्षं दुष्काळी, २०१६ ला पाऊस चांगला. नुसतं आधी-नंतर मोजलंस तर पावसाचं श्रेय योजनेला जाईल.

गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. म्हणून तसाच खडक, तसाच पाऊस असलेलं, योजनेत नसलेलं गाव शोध. अगदी शेजारचं नको, पाणी तिकडेही झिरपतं! मग योजनेच्या गावातल्या बदलातून त्या गावातला बदल वजा कर. पण योजनेआधी चार-पाच वर्षं दोन्हीकडची भूजल पातळी सारखीच वरखाली होत होती का? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी बघ. तशी होत नसेल तर ती गावांची जोडी सरळ सोडून दे, मी मोहात पडून एकदा फसलोय.