ब्याण्णव पौंडांची घाई

“मॅडम, नऊ एप्रिलच्या आत लग्न उरकून घेतलं तर पैसे वाचतील असं सगळे म्हणतायत. तुमचं काय मत?” २०२५ च्या मार्चअखेरीस समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या एका गृहस्थांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. लग्न मे महिन्याच्या मध्यावर ठरले होते, कार्यालयाची आगाऊ रक्कम भरून झाली होती आणि नवरा मुलगा ब्रिटनमध्ये नोकरी करणारा, तिथले नागरिकत्व मिळालेला होता. ९ एप्रिलपासून व्हिसाचे शुल्क वाढणार, असे ब्रिटन सरकारने जाहीर केल्यापासून दोन्ही घरांत धांदल उडाली होती. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाशी किंवा मुलीशी लग्न ठरले, की अलीकडे पालक हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: फी सारखी वाढते आहे, तर घाई करावी का, आणि हा खर्च सोसायचा कोणी? म्हणून ही हकिगत, दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, इथे मांडत आहे. मुलीला आपण मुग्धा म्हणू आणि मुलाला निनाद.

मुग्धाचे बाबा एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेले. लग्नखर्चाची वही त्यांनी सोबत आणली होती. लाल शाईने आखलेल्या रकान्यांत, वळणदार अक्षरात एकेक बाब उतरवलेली होती, आणि ‘मंगल कार्यालय’ व ‘आचारी, वाढपी’ या दोन नोंदींच्या मध्ये लिहिले होते, ‘व्हिसा, रु. ६,००,०००’. हा आकडा कुठून आला, असे मी विचारले. ते म्हणाले, “निनादच्या आई नाशिकहून फोनवर म्हणाल्या, आम्हाला देणंघेणं काही नको, व्हिसाचं तेवढं तुम्ही बघा. आता फी दुप्पट होणार असं ऐकतोय. एफडी मोडायचीच आहे, तर वाढायच्या आत मोडावी. घरातल्या घरात लग्न लावून नोंदणी करून घेऊ, मेमध्ये समारंभ आहेच.” त्यावर मुग्धा पहिल्यांदा बोलली. “बाबांच्या वहीत मी कार्यालयाच्या खाली आणि आचाऱ्याच्या वर आहे, मॅडम.”

एकाच गाठीत तीन धागे होते: तारखेची भीती, पैशाची मागणी आणि मुग्धाच्या मनातला सल. यातला तारखेचा धागा आधी सोडवावा असे मी ठरवले, कारण माणूस घाबरलेला असताना उरलेल्या दोन गोष्टींवर नीट विचार करू शकत नाही. शिवाय समोर हिशेबाचा माणूस होता. मी एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि आकडे सांगू लागले.

ब्रिटनबाहेरून जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज करण्याचे शुल्क त्या दिवशी १,८४६ पौंड होते आणि ९ एप्रिलपासून ते १,९३८ पौंड होणार होते. याशिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, म्हणजे एनएचएससाठी, व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा अधिभार अर्जाच्या वेळीच भरावा लागतो. तो वर्षाला १,०३५ पौंड असतो आणि पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असल्याने तीन वर्षांचे ३,१०५ पौंड होतात. ९ एप्रिलची वाढ या अधिभाराला लागू नव्हतीच. मुग्धाच्या बाबांनी, म्हणजे काकांनी, वजाबाकी केली, पुन्हा एकदा केली, आणि पेन खाली ठेवले. घाई करून वाचणार होते ब्याण्णव पौंड, म्हणजे पौंडाला ११० रुपये धरले तर दहा हजार रुपयांच्या आसपास. “एवढंच?” ते म्हणाले. “कार्यालयवाल्याची सजावट यापेक्षा जास्त आहे.”

त्यांची भीती मात्र निराधार नव्हती, हेही मी त्यांना सांगितले, कारण घाबरलेल्या माणसाला तुम्ही उगीच घाबरलात असे म्हटले की तो आणखी एकटा पडतो. हा आरोग्य अधिभार २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. २०१९ मध्ये तो ४०० झाला, २०२० मध्ये ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एकदम १,०३५. अर्जाचे शुल्क ऑक्टोबर २०२३ मध्ये १,५३८ वरून १,८४६ वर गेले. एप्रिल २०२४ मध्ये तर जोडीदाराला बोलावणाऱ्याचे किमान वार्षिक उत्पन्न १८,६०० वरून २९,००० पौंडांवर नेण्यात आले. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या माणसाला नोकरी करता येते, त्याच्या पगारातून इतरांप्रमाणेच कर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापली जाते, आणि तरीही आरोग्यसेवेचे हे वेगळे पैसे त्याने आधीच मोजलेले असतात. नवरा-बायकोने एका छपराखाली राहण्यासाठी सरकारने इतकी रक्कम मागावी हे मला अन्यायाचे वाटते आणि माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांपासून मी ते मत लपवत नाही. पण मार्च २०२५ मध्ये या कुटुंबाला जी धाप लागली होती ती २०२४ च्या वाढीची होती. आदल्या वर्षीचे आकडे आणि या वर्षीची तारीख एकत्र होऊन तो निरोप नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरत होता.

मग मी निनादच्या नोकरीविषयी विचारले. त्याने जानेवारीच्या शेवटी नोकरी बदलली होती आणि पगार आवश्यक उत्पन्नाच्या वर होता. इथे खरी अडचण दिसली. एकाच नोकरीत सहा महिने झालेले असतील तर सहा महिन्यांच्या पगारपत्रकांवर आणि बँकेच्या उताऱ्यांवर उत्पन्न सिद्ध करणे सोपे जाते. तेवढे दिवस झाले नसतील तर मागच्या बारा महिन्यांची कमाईही दाखवावी लागते आणि कागदपत्रे अधिक किचकट होतात. अर्ज नामंजूर झाला तर आरोग्य अधिभार परत मिळतो, अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. ब्याण्णव पौंड वाचवण्यासाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अपुऱ्या कागदांनिशी अर्ज करणे म्हणजे १,८४६ पौंड पणाला लावणे होते. कायदेशीर सल्ला देणे हे माझे काम नाही, म्हणून तिथल्या अधिकृत नोंदणी असलेल्या सल्लागाराशी निनादने एकदा बोलावे आणि तोवर तारीख बदलू नये, एवढेच मी सुचवले. त्या सल्लागारानेही जुलैअखेरपर्यंत थांबायला सांगितले.

तारखेचा धागा असा तासाभरात सुटला. वहीतली नोंद सुटायला तीन आठवडे लागले.

दुसऱ्या भेटीला काका एकटेच आले. मी त्यांना सरळ विचारले, “व्हिसाऐवजी निनादच्या आईंनी मोटारीसाठी सहा लाख मागितले असते, तर तुम्ही वहीत लिहिले असते का?” ते ताठ बसले. “छे हो. उठून आलो असतो.” हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे, आणि लग्नाच्या संबंधाने एका पक्षाने दुसऱ्याला दिलेली किंवा द्यायची कबूल केलेली रक्कम त्याच्या व्याख्येत येते, तिला कोणते नाव दिले याने फरक पडत नाही, आणि मागणी करणे हाही गुन्हा आहे. हे मी त्यांना धमकी द्यायला सांगितले नाही. सरकारी शुल्क आहे, पावती मिळते, म्हणून ते देणे स्वच्छ आहे अशी जी समजूत या खर्चाभोवती तयार होऊ लागली आहे, ती मला फार धोक्याची वाटते. मुलीच्या वडिलांना नाही म्हणणे सर्वांत अवघड जाते ते अशाच मागणीला, कारण पैसा मुलीच्याच कामाला लागणार असतो. काका बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, “तिला तिकडे त्रास नको, म्हणून देतोय.” कर्ज काढून किंवा एफडी मोडून पैसे देणाऱ्या बहुतेक वडिलांच्या मनात हेच असते.

तिसरी भेट मुग्धा आणि निनाद यांची, संगणकाच्या पडद्यावर. निनाद अस्वस्थ होता. “मी आईला फक्त आकडा सांगितला होता. मागून घे असं नव्हतं सांगितलं.” ते खरे असावे. नवीन घराची अनामत भरून त्याची बचत आटली होती. पाच हजार पौंड एकरकमी कसे उभे करायचे ही काळजी त्याने आईजवळ बोलून दाखवली आणि आईने तिच्या परीने मार्ग काढला. पण मी त्याला विचारले, “पैसे कुठून येणार आहेत हे तू आईला परत विचारलंस का?” तो म्हणाला, नाही. मुग्धाने तेव्हा जे बोलून दाखवले ते ती दोन महिने मनात घोळवत होती. “मला पैशांचं नाही रे. पण उद्या काही बिनसलं आणि तू किंवा आई म्हणालात, की तुला आणायला एवढे लाख घातले, तर मी काय उत्तर देऊ? आणि बाबांनी भरले, तर तुझ्या घरात मी त्यांचे पैसे भरून आलेली राहीन.”

हे वाक्य मी अनेक स्त्रियांकडून, लग्नानंतर सहा-सात वर्षांनी, रडत रडत ऐकले आहे. भांडण स्वयंपाकावरून असो की मुलाच्या शाळेवरून, शेवटी व्हिसाचा खर्च काढला जातो. ज्याने शुल्क भरले त्याच्या हाती एक न फिटणारे येणे राहते आणि जिच्यासाठी भरले ती आयुष्यभर देणेकरी होते. त्यात तिचा तिथला मुक्काम नवऱ्याच्या आधारावर मंजूर झालेला असल्याने, आपण बोललो तर परत पाठवतील, अशी भीतीही असते. म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलीला मी एक गोष्ट आवर्जून सांगते आणि मुग्धालाही निनादच्या देखत सांगितली: जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीचा घरात छळ होत असेल, तर नवऱ्यापासून वेगळे होऊन ब्रिटनमध्येच राहण्यासाठी अर्ज करण्याची तरतूद तिथल्या नियमांत आहे. निनादला हे ऐकताना वाईट वाटले असेल, पण त्याने मान हलवली आणि “तिला माहीत असायलाच हवं,” असे म्हटले. त्या क्षणी या दोघांबद्दलची माझी काळजी पुष्कळ कमी झाली.

नंतर आम्ही पहिल्या अर्जाच्या पलीकडचा हिशेब मांडला, जो बहुतेक कुटुंबे मांडतच नाहीत. ३३ महिन्यांची मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो: एप्रिल २०२५ च्या दराने शुल्क १,३२१ आणि अडीच वर्षांचा अधिभार २,५८७.५० पौंड. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज, ३,०२९ पौंड. पहिल्या टप्प्याचे ५,०४३ धरून याच दराने एकूण ११,९८०.५० पौंड, म्हणजे तेरा लाख रुपयांवर, आणि मधल्या वाढी वेगळ्याच. इतकी मोठी बेरीज दाखवून मी त्यांना घाबरवते आहे की काय, अशी शंका मला क्षणभर आली. पण झाले उलटेच. सहा लाखांचा एकच डोंगर होता तोवर तो कोणीतरी उचलून द्यावा असे वाटत होते. पाच वर्षांत पसरलेला खर्च म्हटल्यावर तो घरभाड्यासारखा, दोघांनी मिळून चालवायचा संसारखर्च वाटू लागला. निनादने पुढच्या चार महिन्यांत किती बाजूला टाकता येईल ते सांगितले. मुग्धा फिजिओथेरपिस्ट आहे. तिने आपल्या बचतीतले एक लाख दहा हजार, म्हणजे साधारण हजार पौंड घालायचे ठरवले, शिवाय इंग्रजीची परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी यांचा खर्च तिचाच. बाबांची एफडी यात कुठेच नव्हती. नाशिकला फोन निनादने स्वतः करायचा, मुग्धाने किंवा तिच्या बाबांनी नाही, हेही ठरले. त्याच्या आईला आधी राग आला, असे तो नंतर म्हणाला. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःहून काकांना फोन केला.

शेवटच्या भेटीत काकांनी वही उघडून दाखवली. सहा लाखांवर त्यांनी रेघ मारली नव्हती, कारण हिशेबाच्या वहीत खाडाखोड करायची नाही ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. शेरा लिहिण्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिले होते, ‘ही रक्कम आमचे नावे नाही.’

लग्न ठरल्या दिवशी, मेमध्येच झाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सहा पगारपत्रके हातात आल्यावर, नव्या दराने, ब्याण्णव पौंड जास्त भरून त्यांनी अर्ज केला. दिवाळीच्या आठवडाभर आधी व्हिसा आला. निनाद दिवाळसणाला पुण्यात होताच, परतीचा प्रवास दोघांनी बरोबर केला. मधले पाच महिने सोपे गेले नाहीत. सप्टेंबरमध्ये मुग्धा एकदा येऊन तासभर काही न बोलता बसली होती, आणि त्या तासाचे मोल कोणत्याही सरकारी कोष्टकात लिहिलेले नसते.

जानेवारीत तिची ईमेल आली. तिला तिथे काम मिळाले आहे. दोघांनी एक वेगळे बचत खाते उघडले आहे आणि त्याला नाव दिले आहे ‘२०२८’, कारण मुदतवाढीचा अर्ज त्या वर्षी करायचा आहे. दर महिन्याला तिचे पासष्ट आणि त्याचे पासष्ट पौंड त्यात जातात. जानेवारीतल्या दराने लागतील त्यापेक्षा थोडे जास्तच, शुल्क पुन्हा वाढेल हे धरून. पहिले १३० पौंड नोव्हेंबरच्या शेवटी जमा झाले.