'इनफ्लिक्ट'नंतर आधी कोण?

प्रश्न : मी सिंगापूरमध्ये घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. बरीचशी मुलं चीनमधून आलेली, इथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून ए.ई.आय.एस. परीक्षेची तयारी करणारी. 'इनफ्लिक्ट' (एखाद्यावर नुकसान, वेदना वगैरे लादणं) या क्रियापदाची त्यांची चूक काही केल्या सुटत नाही. 'द टायफून इनफ्लिक्टेड द फार्मर्स हेवी लॉसेस' असं लिहितात. खोडून 'ऑन' घालून दिलं तरी पुढच्या निबंधात पुन्हा तेच. कुणी 'ऑन'ऐवजी 'विथ' वापरतं. मला चिनी येत नाही. कसं समजावू?
— मृ. स., सिंगापूर

उत्तर : मृ.ताई, मुलांना बोल लावण्याआधी त्यांच्या शब्दकोशात डोकवा. इंग्रजी-चिनी कोशांत या क्रियापदापुढे बहुधा 'शृ चाओशौ' असा अर्थ दिलेला असतो (च चमच्यातला, चहातला नव्हे). शृ म्हणजे करायला लावणं, चाओशौ म्हणजे सोसणं. चिनीत शृच्या पाठोपाठ लगेच माणूस येतो : शृ, शेतकरी, चाओशौ, नुकसान. मुलं शृच्या जागी 'इनफ्लिक्ट' बसवतात आणि शेतकरी आपसूक पुढे सरकतो. व्याकरण चोख आहे हो, फक्त चिनी आहे!

'इनफ्लिक्ट'ला आधी लागतो तो मार : लॉसेस, पेन, पनिशमेंट, डिफीट. मग 'ऑन', मग ज्याच्या वाट्याला तो आला तो. आपणही शिक्षा लादतो, माणूस लादत नाही. त्यामुळे 'ही वॉज इनफ्लिक्टेड' हेही चूक. 'पेन वॉज इनफ्लिक्टेड ऑन हिम' बरोबर. 'विथ'वालं रूप अधूनमधून छापील इंग्रजीतही दिसतं, पण परीक्षेत कशाला विषाची परीक्षा घ्यायची?

आता समजवायचं कसं. नियम सांगत बसू नका. वहीत चिनी लिपीत 'वू शृ यू रन' लिहायला सांगा. कन्फ्यूशियसच्या प्रसिद्ध वचनाचा हा उत्तरार्ध : स्वतःला जे नको, ते दुसऱ्यावर लादू नका. चिनी शाळेतून आलेल्या पोराला हे तोंडपाठ असतं. 'वू' म्हणजे नको, 'शृ' लादणं, 'यू' वर, 'रन' माणूस. 'यू'च्या अक्षराखाली लाल शाईने 'ऑन' लिहा. हा शृ मघाचा नव्हे बरं का. अक्षर वेगळं, सूर वेगळा. आपल्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून तुम्ही म्हणून दाखवू नका, त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

मोठ्या मुलांकडून अख्खं वाक्य आधी चिनीत करून घ्या, पण 'पा … छ्यांगच्या यू …' या साच्यात ('छ्यांगच्या' म्हणजे लादणं, 'यू' मघाचाच). त्यात 'पा'नंतर वेदना येते आणि 'यू'नंतर माणूस. इंग्रजीचा क्रम जवळपास आयता मिळतो.

आणखी एक. निबंध भारदस्त व्हावा म्हणून मुलं हे क्रियापद कुठेही ठोकून देतात. कुत्रा चावला तर 'द डॉग बिट द बॉय' लिहावं, संपलं. 'हर्ट', 'हार्म', 'इंज्युअर' यांच्यापुढे माणूस थेट येतो, मध्ये काही लागत नाही. तिथे 'टू' घुसला तर तो 'डू हार्म टू' या पाठ केलेल्या तुकड्यातून आलेला असतो.

'अफ्लिक्ट'चा (म्हणजे ग्रासणं, पीडा देणं) क्रम बरोबर उलटा, आधी माणूस, मग 'विथ'. तुमच्या वर्गातला 'विथ' बहुतेक तिथूनच आलाय. त्या क्रियापदाचा विषय निदान महिनाभर तरी काढू नका.