कोच नाही, क्लास नाही, बघून बघून बॅडमिंटन शिकतोय. स्ट्रोक आणि फुटवर्क कसं सुधारू?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष खेळताय, टॉस (उंच, मागच्या लाईनपर्यंत मारायचा शॉट) मारला की शटल अर्ध्यातच पडतं आणि समोरचा ठोकून काढतो, आणि शिवाय कोपऱ्यात पोचायला कायम उशीर होतो. हे दोन प्रॉब्लेम नाहीयेत हो, एकच आहे. मला कळायला तीन वर्षं लागली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पण कोचशिवायच शिकलो, तेही वयाच्या ३१व्या वर्षी, ठाण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये. तिथे एक रिटायर्ड काका यायचे, पोट सुटलेलं, गुडघ्याला नीकॅप, मला वाटलं यांना पळवून पळवून दमवू. २१-६ ने हरलो. काकांना धड घामसुद्धा आला नव्हता आणि मी भिंतीला टेकून धापा टाकतोय. जाताना म्हणाले, "पळतोस खूप रे तू, पण निघतोस गाडी सुटल्यावर."

तेव्हा रागच आला. पण नंतर एकदा पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाईल कोर्टच्या मागे ठेवला आणि २० मिनिटांचं शूटिंग केलं. घरी स्लो करून बघितलं तर लाज वाटली. समोरचा शटल मारतोय त्या क्षणी माझ्या दोन्ही टाचा जमिनीला चिकटलेल्या, रॅकेट गुडघ्यापाशी लोंबकळतेय, आणि मी माझ्याच आधीच्या शॉटचं कौतुक करत उभा. शटल नेट ओलांडून आल्यावर मी हलायचो. मग मागे पोचेपर्यंत ते डोक्याच्या मागे गेलेलं असायचं, आणि डोक्याच्या मागून कितीही ताकद लावा, टॉस मागच्या लाईनपर्यंत जात नाही म्हणजे नाही. मी मात्र वर्षभर डंबेल्स मारत होतो, हात कमी पडतोय म्हणून.

म्हणून आधी स्प्लिट स्टेप. समोरचा शटल मारायच्या बेतात असतो तेव्हा एक बारीकशी उडी, अगदी इंचभर, आणि तो मारतो त्याच सुमाराला तुम्ही चवड्यांवर खाली आलेले असता, पाय खांद्यापेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल. एवढंच. त्या उतरण्यातून जो धक्का मिळतो त्यातूनच पहिलं पाऊल निघतं. सुरुवातीला मुद्दाम मोजून करावं लागतं, माझं तर आठवडाभर माकडासारखं चाललं होतं, ग्रुपवाले हसायचे, मग एक दिवस आपोआप व्हायला लागलं.

आणि कोर्ट वाटतं तेवढं मोठं नाहीये. सिंगल्सला आपली बाजू ६.७० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद, म्हणजे मधून कुठलाही कोपरा चार-सव्वाचार मीटरवर, त्यात हात अधिक रॅकेट धरून दीडेक मीटर वजा करा. दोन-तीन पावलांचं काम आहे, धावायचं नाहीच मुळी. पुढे जाताना शेवटचं पाऊल मोठं, उजव्या हाताने खेळत असाल तर उजवा पाय, टाच आधी टेकवायची आणि पायाची बोटं शटलच्या दिशेला, गुडघा आत वळू द्यायचा नाही. मागे जाताना उलटं उलटं चालत जाऊ नका, मी तसाच जाऊन एकदा पाठीवर आपटलोय. आधी उजवा पाय मागे टाकून अंग आडवं करायचं, मग सरकत जायचं.

रनिंग शूज घालून खेळत असाल तर आजच बंद करा. जाड गादीचा सोल असतो, आडवं थांबताना घोटा लचकतो, मी तीन आठवडे क्रेप बँडेज बांधून ऑफिसला गेलोय. साधे का होईना, गम सोलचे नॉन-मार्किंग (कोर्टवर डाग न पाडणारे) घ्या. रॅकेटवर पैसे नंतर घाला.

आता हात. बहुतेक सेल्फ-टॉट लोक रॅकेट तवा धरल्यासारखी धरतात, जाळी सरळ समोर. नेटपाशी शटल दाबायला ते चालतं, पण मागून मारायला नाही, कारण तशा पकडीत कोपराच्या खालचा हात फिरतच नाही आणि सगळी ताकद खांद्यातून काढावी लागते. डाव्या हाताने रॅकेटची दांडी धरा, फ्रेमची कड जमिनीकडे, आणि आता उजव्या हाताने मुठीशी शेकहँड करा. बस, ही पकड. सैल धरायची, अंड धरल्यासारखी, फक्त शटल लागताना आवळायची. मारताना कोपर आधी वर जातं, मग हात फिरून तळवा बाहेरच्या बाजूला वळतो, तो फिरण्याचा झटका हीच ताकद. बरोबर लागलं की आवाजच वेगळा येतो, फटाक्यासारखा.

हे जमवायला मी गॅलरीच्या वरच्या गजाला दोरीने जुनं शटल बांधलं होतं, हात आणि रॅकेट पूर्ण ताणली की जेमतेम लागेल एवढ्या उंचीवर, आणि डोक्याच्या किंचित पुढे. रोज ५० वेळा, हळू. बायको म्हणाली घंटा वाजवतोय देवळातली. पण दोन महिन्यांत माझा टॉस मागच्या लाईनला जायला लागला, तेही दमणूक न होता.

फुटवर्कसाठी पार्किंगमध्ये सहा जुनी शटलं ठेवून शॅडो (म्हणजे शटल न मारता नुसती पावलांची प्रॅक्टिस) करायचो, पुढचे दोन कोपरे, मधले दोन, मागचे दोन, प्रत्येक वेळी मधे परत. ३० सेकंद करायचं, ३० थांबायचं, असं आठ वेळा. बोअर होतं, मान्य. जागा नाही ही तक्रार मात्र करू नका, प्रकाश पदुकोण लहानपणी बंगळुरात लग्नाच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस करायचे, लग्न असलं की सुट्टी, आणि १९८० ला ऑल इंग्लंड घेऊन आले.

यूट्यूबवर मॅच बघताना शटल बघू नका, एकाच खेळाडूचे पाय बघा. कोरियाच्या आन से-यंगचे बघा, पॅरिस ऑलिंपिकचं गोल्ड तिचंच आहे, आणि ती कधी धावपळीत दिसतच नाही. तैवानच्या ताई त्झू यिंगची नक्कल मात्र अजिबात नको, ते मनगट तिचं तिलाच जमतं, आपण करायला गेलो की शटल नेटमध्ये.

बॅकहँडबद्दल पण विचारलंय तुम्ही. नेटपाशी आणि सर्व्हिसला शिका, अंगठा मुठीच्या रुंद पट्टीवर टेकवून. मागच्या कोपऱ्यातला उंच बॅकहँड वर्षभर विसरा, तिथे पायच लवकर न्या आणि डोक्यावरून फोरहँडने मारा. काका अजूनही तेच करतात, नीकॅपसकट.